चौकातील कोरडे उद्यान

श्रावकाने घरी उद्यान करावे काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत सहसा विचारला जात नाही. घर बांधताना देवघर, तिजोरी आणि गोदाम यांचा विचार होतो. उरलेल्या जागेत चार कुंड्या बसतात आणि विषय संपतो. परंतु उद्यान म्हटले की खणणे आले, पाणी घालणे आले, छाटणे आले आणि कीड मारणेही आले. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त प्रमादचर्येचे विवेचन करताना प्रयोजनावाचून जमीन खणणे, पाण्याचा आरंभ करणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना अनर्थदंडात केली आहे. म्हणजे खरा प्रश्न प्रयोजनाचा आहे. आमच्या अमरावतीच्या घराच्या चौकात जपानी पद्धतीचे लहानसे उद्यान करण्याचा विचार निघाला, तेव्हा जवळजवळ दोन वर्षे घरात याच प्रश्नाची चर्चा चालली.

आमचे घर जुन्या व्यापारी घरांसारखे आहे. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे राहते घर, अगदी मागे गोदाम आणि मधोमध १२ फूट रुंद व १८ फूट लांब असा उघडा चौक. माझे थोरले बंधू अकोल्यास असतात. घर दोघांच्या नावावर आहे. चौकावर स्लॅब टाकला तर दोनशे पोती सहज राहतील, असा दादांचा हिशेब होता आणि तो हिशेब खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूला आई होती. वयाच्या ८१व्या वर्षी गुडघ्यांमुळे तिला रोज मंदिरात जाणे होईना. सामायिकाची ४८ मिनिटे शांतपणे बसता येईल अशी उजेडाची, मोकळी जागा तिला हवी होती. आणि चौकाखेरीज तशी जागा घरात नव्हती.

जपानी उद्यानाची कल्पना पुण्याहून आली. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान अनेक वाचकांनी पाहिले असेल. सुमारे १० एकरांचे हे उद्यान ओकायामा येथील कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर केलेले आहे. मूळ कोराकुएन तेथील सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये आरंभिले आणि १७०० मध्ये पूर्ण केले. वाहते पाणी, हिरवळीचे उंचवटे, वळणे घेणारी वाट. चालणाऱ्याला दर वळणावर वेगळे दृश्य दिसावे अशी त्याची रचना. आईला ते फार आवडले होते. म्हणून आम्ही एका जाणकार संकल्पकाकडून चौकाचा आराखडा मागविला. त्यात तळे होते, पंप होता, रंगीत मासे होते, शेवाळाची गादी होती आणि बाहेरून आणावयाचा दगडी दीप होता.

आईने आराखडा शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “अरे, तळ्यातले मासे कोण आणणार? त्यांना खायला काय घालणार? आणि एखाद्या वैशाखात पाणी आटले, तर ते पाप कुणाच्या खात्यावर मांडायचे?” व्यापाऱ्याच्या घरात खात्याचा प्रश्न निघाला की उत्तर द्यावेच लागते. शेवाळाविषयी तर तिला विचारण्याचीही गरज नव्हती. ज्या साधारण वनस्पतीच्या एका शरीरात अनंत जीव मानतो, ती मुद्दाम वाढवून डोळ्यांचे सुख घ्यावे, हे आपल्या घरात बसणारे नव्हते. शिवाय पाण्याचा प्रश्न होताच. अमरावतीची तहान अप्पर वर्धा धरणावर आणि अकोल्याची काटेपूर्णा धरणावर भागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या वऱ्हाडात शोभेच्या तळ्यातून रोज उडून जाणारे पाणी हीही एक उधळपट्टीच.

मग उद्यानाचा नाद सोडायचा काय? याचे उत्तर जपानच्याच परंपरेत सापडले. पुण्यात आपण पाहतो तो सरदारांच्या विस्तीर्ण उद्यानांचा नमुना. त्याखेरीज तेथे व्यापाऱ्यांचेही उद्यान आहे. क्योतो शहरातील व्यापाऱ्यांची जुनी घरे, ज्यांना माचिया म्हणतात, ती रस्त्याला अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात: पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, शेवटी कोठार. आमच्याच घराचे वर्णन वाचतो आहे असे वाटावे. अशा घरांच्या पोटात उजेड आणि वारा यावा म्हणून एक लहानसा चौक उघडा ठेवतात व त्यात चार दगड, एखादे झाड मांडतात. त्याला त्सुबोनिवा म्हणतात. त्सुबो हे तेथील जमिनीचे माप, सुमारे ३.३ चौरस मीटर. आमचा चौक मोजला तर सहा त्सुबो भरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अकराव्या शतकात लिहिला गेलेला ‘साकुतेइकी’ हा उद्यानरचनेवरील जपानी ग्रंथ तळे किंवा ओढा नसलेल्या रचनेचा स्वतंत्र उल्लेख करतो. तिला कारेसानसुइ, म्हणजे कोरडे गिरिजल, असे नाव आहे. दगड हा डोंगर आणि रेतीवर ओढलेल्या रेषा हे पाणी. पाणी नसताना पाण्याचा आभास. पाणी जपून वापरणाऱ्या आणि गाळून पिणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचे उद्यान कोणते?

हे ऐकून आई म्हणाली, “असे असेल तर कर. पण पावसाळ्यात खणू नकोस.” आम्ही पौषात काम काढले. जमीन कोरडी, किडामुंगी कमी आणि चातुर्मास दूर. खणताना जीवहानी झालीच नाही असे कोण म्हणू शकेल? पण जेवढे प्रयोजन तेवढेच खणायचे, ही मर्यादा आधी ठरवून घेतली होती.

आपल्या काळ्या मातीत दगड मांडणे वाटते तितके सोपे नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेला जड दगड दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून दोन फूट माती काढून मुरूम भरला व थराथराने ठोकून घट्ट केला. १८ फुटांच्या लांबीत तीन इंच उतार दिला, म्हणजे पाणी कोठेही साचणार नाही. जेथे पाणी साचत नाही तेथे शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. उताराच्या टोकाशी पुनर्भरणाचा खड्डा केला. मुरुमावर जाड विणलेले कापड अंथरले. त्यामुळे तण उगवतच नाही, आणि उगवल्यावर उपटण्याचा प्रसंगही येत नाही.

दगडांसाठी खाण शोधली नाही. वऱ्हाडातील शेतांच्या धुऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेले काळे दगड पडून असतात. ओळखीच्या एका शेतकऱ्याने असे पाच दगड आनंदाने दिले. सर्वांत मोठा कापसाच्या दीड गाठीइतका, म्हणजे सुमारे अडीच क्विंटलांचा. तो चेन-पुलीने उतरवावा लागला. जपानी रीतीप्रमाणे दगड जमिनीवर ठेवत नाहीत, रोवतात. त्याचा तिसरा हिस्सा तरी मातीत जातो, म्हणजे तो आणून टाकलेला न वाटता तेथलाच वाटतो. गवंड्याला हे पटेना. “विकत आणलेला माल पुरता कशाला?” असे तो हसत म्हणाला. पण दगड रोवल्यावर त्यालाही फरक दिसला.

मांडणी ठरवताना आईला मुक्तागिरी आठवली. परतवाड्यापलीकडे, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीतील त्या सिद्धक्षेत्री ५२ मंदिरे आणि कड्यावरून पडणारा धबधबा आहे. पावसाळ्यात तो गर्जतो, उन्हाळ्यात क्षीण होतो. पण काळ्या खडकावरील त्याची वाट मात्र दिसत राहते. आमच्या चौकातील सर्वांत उंच दगड उभा रोवला आणि त्याच्या पायथ्यापासून करड्या चुरीचा प्रवाह निघाला तो त्या आठवणीतून. मात्र दगडाला क्षेत्राचे नाव दिले नाही. आशातना नको, हा आईचा आग्रह. चुरी तीन इंच जाड, एकूण अर्धा ब्रास लागली. पांढरी संगमरवरी चुरी घेतली नाही, कारण वैशाखातील उन्हात तिच्याकडे बघवत नाही. झाडे फक्त दोन: भिंतीशी बांबूचे एक बेट, त्याची मुळे पसरू नयेत म्हणून सिमेंटच्या कड्यात लावलेले, आणि एक कामिनी. अष्टमी-चतुर्दशीला कामिनीला कात्री लागत नाही. बाहेरच्या दीपाऐवजी गोदामामागे पडलेली जुनी दगडी डोणी ठेवली. सकाळी तिच्यात गाळलेले पाणी चिमण्यांसाठी भरतो आणि सायंकाळी ती रिकामी करून कोरडी पुसतो.

चुरीवर रेषा ओढण्यासाठी सुताराकडून लाकडी दातांचा दाताळ करून घेतला. रेषा ओढण्यापूर्वी मऊ कुंच्याने मुंग्या बाजूला कराव्या लागतात. त्या एका नियमामुळे कामाला वेळ लागतो, आणि त्या वेळात मन आपोआप स्थिर होते. चातुर्मासात दाताळ खुंटीला टांगलेला असतो.

क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातील कोरड्या उद्यानात १५ दगड आहेत आणि ओसरीवर कोठेही बसले तरी एक तरी दगड दृष्टीआड राहतो, असे सांगतात. ते वाचून मला अनेकांत आठवला. बांधणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगण्याचा अधिकार मला नाही. झेन मार्ग वेगळा, आपला वेगळा. पण आपल्या जागेवरून सर्व दिसत नाही, हे भावाभावांच्या व्यवहारातही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दादांना दोनशे पोती दिसत होती, मला आई दिसत होती. दोघांनाही आपापल्या जागेवरून जे दिसत होते ते खरे होते. अखेर ठरले असे की चौक उघडा ठेवायचा आणि गोदामात लोखंडी मांडणी करून माल उंच रचायचा. दोनशे नव्हे, पण सव्वाशे पोत्यांची सोय झाली. उरलेली पंचाहत्तर आम्ही परिग्रहाच्या परिमाणातून वजा केली, असे दादा गमतीने म्हणतात.

गेल्या वर्षी दादांनी अकोल्यात स्वतःच्या घरी तीन दगड रोवून घेतले. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. त्यांच्या बोअरचे पाणीही खारट आहे आणि कुंड्यांतील मातीवर पांढरा थर धरतो. म्हणून त्यांनी एकही झाड लावले नाही. समोरच्या आवारातील जुना कडुनिंब भिंतीवरून दिसतो, तेवढीच हिरवाई. बाहेरचे दृश्य आपल्या रचनेत असे सामावून घेण्याला जपानीत शाक्केइ, म्हणजे उसने दृश्य, म्हणतात. दादांना ही कल्पना फार रुचली. आयुष्यात एवढीच उसनवारी बिनव्याजी मिळाली, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

आपल्या समाजातील अमरावती, अकोला, कारंजा येथील कित्येक जुन्या घरांत असे चौक अजून आहेत आणि एकेक करून त्यांवर स्लॅब पडत आहेत. जागेची गरज खरी असते, हे मी व्यापारी म्हणून जाणतो. पण स्लॅब टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे की त्यांना दिवसाचा उजेड कोठे बसून घ्यावासा वाटतो. आमच्याकडे तो प्रश्न विचारला गेला, म्हणून आई आज सकाळी सातला काठी टेकत चौकाच्या ओसरीवर येते, आसन घालते आणि घटका भरेपर्यंत कोणी तिला हाक मारीत नाही. नंतर डोणीत पाणी आहे की नाही ते ती स्वतः पाहते.