वजन कुठे ठेवावे?

ज्यांचे आयुष्य कविता शिकण्या-शिकवण्यात गेले, त्यांनी लोखंडावर लिहिण्याच्या भानगडीत पडू नये हे आम्हाला मान्य आहे. परंतु गेल्या ऑगस्टमध्ये ओहायोतील एका जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही उभयता शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याच्या कोठारात 100 पौंडी ओतीव वजने उचलत होतो, आणि तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना काहीही उचलण्यास मनाई केली होती. ट्रॅक्टर चालवण्याबद्दल आपण डॉक्टरांना विचारलेच नाही, असे ते आम्हाला डोळे मिचकावून सांगत होते. आम्ही त्यांना 'आजोबा' म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ आता त्यांना ठाऊक आहे.

त्यांचा ट्रॅक्टर फार्मॉल एम. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1939 ते 1952 या काळात बनवलेली ही जात. जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढस्पर्धेत तो एक लोखंडी घसरगाडी ओढतो. गाडी पुढे जाते तशी तिच्यावरील वजनाची पेटी ट्रॅक्टरच्या दिशेने सरकत येते आणि ओढ जड होत जाते. आजोबांच्या गटाची मर्यादा 6000 पौंड, चालकासह. म्हणजे एकूण भार आधीच ठरलेला. स्पर्धकाच्या हाती उरते ती केवळ त्याची मांडणी. अनुष्टुभाची 32 अक्षरे ठरलेली असावीत, तसेच हे.

ताकद मागच्या चाकांची, तेव्हा सारी वजने मागेच हवीत, असे आमचे मत होते. आजोबांनी ते ऐकून घेतले, आम्हाला तशी वजने लावू दिली आणि शेतात भरलेली गाडी जोडून सावकाश ओढ घेतली. पुढची चाके वीतभर उचलली गेली. त्यांनी क्लच दाबला. क्षणभर आम्हाला श्वास घेण्याचेही सुचले नाही. असा ट्रॅक्टर मागे उलटला तर चालक खाली सापडतो.

मग त्यांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. गाडी जोडायचा आकडा जमिनीपासून 20 इंचांवर, दोन्ही आखांतले अंतर सुमारे 90 इंच. 4500 पौंडांची ओढ पडली, तर पुढच्या आखावरचा 1000 पौंड भार आपोआप मागच्या चाकांवर जातो. मागे हवे असलेले वजन ओढच आणून देते. म्हणून लोखंड पुढे लावायचे. मात्र पुढे अति झाले, तर पुढची चाके मातीत रुततात आणि मागची नुसतीच फिरतात. ऐन ओढीत पुढची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली असावीत, एवढेच साधायचे.

त्यांच्या वहीत प्रत्येक जत्रेची मांडणी टिपलेली आहे. आम्ही तिच्याबरहुकूम वजने लावली. तरी दुसऱ्या दिवशी जत्रेच्या काट्यावर ट्रॅक्टर 20 पौंड कमी भरला. आम्ही सगळी वजने पुन्हा मोजली. एकही राहिले नव्हते. आजोबा मात्र स्वतःच्या सैल झालेल्या पट्ट्याकडे पाहत होते. आजारपणात घटले होते ते तेच.

ते 20 पौंडांचे लोखंड पुढे लावू का, असे आम्ही विचारले. नव्याने शिकलेली विद्या दाखवण्याची आम्हाला घाई होती.

"नको," ते म्हणाले, "सीटखाली ठेवा. ते तिथलंच आहे."

त्या दिवशी 300 फुटांपैकी 271 फूट ओढ झाली. वहीतली नोंद आम्ही लिहिली. 20 पौंडांपुढे त्यांनी आम्हाला स्वतःचे नाव घालायला सांगितले.