जोड पक्का तर आवाज पक्का : शाळेच्या स्पीकरसाठी क्रिंपिंग टूल निवडताना



परिपाठाला माईक-स्पीकर आता बऱ्याच शाळांत असतो. पण वायरचा जोड कसा आहे, हे आपण सहसा बघत नाही. आवाज खरखरला की वायर हलवायची, चिकटपट्टी गुंडाळायची, झालं! याचा त्रास कुणाला होतो, ते सांगते. आमच्या तिसरीतली एक मुलगी बातम्या वाचत होती. आवाज मधेच जायचा, मधेच यायचा. मुलं हसली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मी नको. माझा आवाजच चांगला नाही." दोष वायरचा, पण तिनं तो स्वतःकडं घेतला. म्हणून मी या जोडाच्या मागे लागले.

आम्हा मलकापूरकरांना चोवीस तास पाण्याची सवय आहे. पाइपचा जोड ढिला असला तर पाणी गळतं आणि लगेच दिसतं. विजेचं तसं नाही. बारीक तारांना पीळ देऊन स्क्रूखाली दाबलं, तर काही तारा बाहेर राहतात, काही तुटतात. तांब्यावर काळपट थर चढतो आणि आवाज अडखळतो. यावर उपाय म्हणजे वायरच्या टोकाला लग बसवून तो योग्य दाबानं चेपणे. यालाच क्रिंपिंग म्हणतात.

टूल घेण्याआधी वायर ठरवा. आमच्याकडं एम्प्लिफायरपासून स्पीकर 20 मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 40 मीटर तांबं. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध साधारण अर्धा ओहम होतो, 2.5 च्या वायरचा 0.3 च्या आसपास. म्हणून 2.5 घेतली. आता लग ठरला. लाल लग 0.5 ते 1.5 साठी, निळा 1.5 ते 2.5 साठी, पिवळा 4 ते 6 साठी. आम्हाला निळा लागणार होता.

मग टूल. कराडच्या बाजारात मला तीन प्रकार दिसले. पहिली साधी पक्कड, वायर सोलणारी आणि दाबणारीही. स्वस्त आहे, पण दाब हाताच्या जोरावर अवलंबून. दुसरं रॅचेटचं टूल. पुरता दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही, त्यामुळं कुणीही दाबलं तरी जोड सारखाच होतो. तिसरं संगणक कक्षातलं, नेटवर्कच्या वायरचं. ते इथं चालत नाही, कारण त्याचा साचाच वेगळा. दुकानातले काका म्हणाले, "मॅडम, नुसतं दाबून काय उपयोग? बरोबर दाबायला पाहिजे." आम्ही रॅचेटचं घेतलं. घेताना जबड्यावर लाल, निळ्या, पिवळ्या खुणा आहेत का, ते बघितलं. प्लास्टिक चढवलेल्या लगचा साचा वेगळा आणि उघड्या लगचा वेगळा असतो, हेही विचारून घ्या.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. वायर सोलताना एकही तार कापली जाऊ नये. टोकाला आधी सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड ढिला पडतो. दाबून झाल्यावर वायर ओढून बघा. हातानं निघाली तर लग कापून टाका आणि नवा बसवा. एम्प्लिफायरचा प्लग काढल्याशिवाय वायरला हात लावू नका. शाळांच्या काही एम्प्लिफायरना 100 व्होल्टची लाइन असते, तिचा झटका बसू शकतो.

हे काम मोठ्यांचंच. पण तुटक्या वायरचे तुकडे, एक सेल आणि छोटा दिवा घेऊन वर्गात छान पाठ होतो. ढिल्या जोडाला दिवा लुकलुकतो, घट्ट जोडाला स्थिर राहतो. कारण मुलं स्वतःच सांगतात. तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर अनुभव नक्की कळवा.