मुंबई कीं पुणें?

मनुष्यास जन्मस्थान निवडतां येत नाहीं, आणि बहुधा मरणस्थानहि निवडतां येत नाहीं. परंतु मधल्या मुक्कामाचें ठिकाण ठरविण्याचा अधिकार आपणांस आहे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. आमचीहि ती तशीच होती. गिरगांवांतील ज्या चाळींत आमचा जन्म झाला, लग्न झालें आणि सेवानिवृत्तीहि झाली, ती पाडून तेथें उंच इमारत बांधण्याचें ठरलें, तेव्हां हा अधिकार बजावण्याचा प्रसंग वयाच्या सत्तराव्या वर्षीं आमच्यावर प्रथमच आला.

मार्ग दोन होते. तीन वर्षें कोठें तरी भाड्यानें काढून नव्या इमारतींतील तीनशें चौरस फुटांची जागा घ्यावयाची, हा एक. पागडीच्या रीतीप्रमाणें मालकाचा वांटा त्यास देऊन आपला हक्क दुसऱ्याच्या नांवें करावयाचा, आणि आलेल्या रकमेंत गांठची शिल्लक घालून पुण्यास कोथरुडकडे लहानसें बिऱ्हाड थाटावयाचें, हा दुसरा. आमचा सारा जन्म हिशेबतपासणींत गेलेला. तेव्हां एक कागद घेतला, मध्यें रेघ ओढली, आणि डावीकडे मुंबई व उजवीकडे पुणें असें लिहून ताळेबंद मांडावयास बसलों.

पहिली बाब हवेची. मुंबईस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रि ओलांडतांना ढगांची पुंजी सरत येते, आणि पुण्याच्या वांट्यास सातशेंच्या आसपासच उरते. शिवाय पुणें समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून उंच. आमच्या गुडघ्यांनीं तत्काळ पुण्याच्या बाजूनें मत दिलें. दुसरी बाब पाण्याची. मुंबईनें आपलें पाणी फार दुरून आणलें. १८९२ सालीं पुरा झालेला तानसा तलाव शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे. पुण्यास खडकवासला त्या मानानें अंगणांत. परंतु या खात्यावर दोहोंकडेहि डाग आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. मुंबईस २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास मात्र त्या दिवशीं शंभर मिलिमीटरहि झाला नव्हता. आम्ही अंधेरीच्या कचेरींत टेबलावर निजून रात्र काढली. गिरगांवांत रस्ते मोकळे, पण आमची खबर नाहीं. तेव्हां चाळींतील दहा मंडळी आमच्या घरच्यांस धीर देत पहांटेपर्यंत जागत बसली होती. ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेनें 'शेजार' या सदराखालीं डाव्या बाजूस मांडली.

पुस्तकांच्या बाबींत तोल सारखाच राहिला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चें, तर पुणें नगर वाचन मंदिराचें मूळ १८४८ सालचें. अंतराचा तर प्रश्नच उरला नाहीं. १९३० पासून धांवणारी दख्खनची राणी आहे, २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति मार्ग आहे. रेल्वेचे १९२ किलोमीटर म्हणजे आतां सकाळचा चहा एकीकडे आणि दुपारचें जेवण दुसरीकडे. सर्व बेरजा झाल्यावर मुंबईची बाजू थोडी जड भरली, आणि ती शेजाराच्या बळावर. आमच्या मनांत तेंच होतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

कागद आम्ही सौभाग्यवतींच्या हातीं दिला. त्या मूळच्या सदाशिव पेठेंतल्या. १९७९ सालीं लग्न होऊन गिरगांवांत आल्या. त्या माहेराची बाजू घेतील, या अंदाजानें आम्ही उत्तर तयार ठेवलें होतें. त्यांनीं चष्मा लावून कागद वाचला आणि 'शेजार' या शब्दावर बोट ठेवलें.

"अहो, ही रक्कम तुम्हीं चुकीच्या बाजूला मांडली आहे."

आम्ही चकित झालों. त्या शांतपणें म्हणाल्या, "तुम्ही सकाळीं आठाला जात होतां, रात्रीं आठाला येत होतां. तुमचा शेजार गॅलरींत होता. माझा खोलींत होता. दुपारीं घटकाभर दार लोटलें, तरी 'बरें नाहीं का?' म्हणून चार जणी विचारीत. वाईट कोणीच नव्हतें. पण त्या पुराच्या रात्रीं मला रडावयाचें होतें, आणि दहा माणसांचा चहा करावयाचा होता. इतक्या वर्षांत मला एक दार आंतून लावतां आलें नाहीं."

"नव्या जागेंतहि दार असेलच कीं!"

"तीन वर्षांनीं. मला आज अडुसष्टावें चालू आहे."

"म्हणजे तुला माहेरीं जावयाचें आहे."

"आमचा वाडा पाडला, माणसेंहि गेलीं, आतां कोठलें माहेर? मला पुणें नको, मला दार हवें. तें नागपुरास मिळालें असतें तरी चाललें असतें. पण तुमच्या कागदावर दोनच शहरें आहेत."

हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहों. ती लेखकांची जुनी चाल आहे. त्या रात्रीं मात्र ध्यानांत आलें कीं, घरांतल्या 'आम्हीं'तहि आजवर एकच मनुष्य बोलत होता. १९७९ सालीं पुणें सोडतांना 'मुंबई चालेल का?' असें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. आमच्या तीर्थरूपांनीं नाहीं, त्यांच्याहि नाहीं, आणि आम्ही तर नाहींच. ज्या गॅलरीचें कौतुक आम्ही चारचौघांत करीत आलों, तिचें भाडें दुसऱ्याच कोणीं तरी भरलें होतें. आमच्या वहींत त्याची नोंद नव्हती.

पुण्यास येऊन आतां वर्ष झालें. आमचें येथें करमतें, असें म्हणवत नाहीं. संध्याकाळीं परत येतांना वरून कोणी नांवानें हांक मारीत नाहीं. अजून मान आपोआप वर जाते. दुपारीं जेवणें आटोपल्यावर सौभाग्यवती आपल्या खोलींत जातात आणि दार आंतून लावून घेतात. तेथें त्या काय करतात, तें आम्हांस ठाऊक नाहीं. पहिल्या आठवड्यांत एकदां 'बरें नाहीं का?' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते तसेच गिळले. चारच्या सुमारास दार उघडतें. तोंवर चहाचें आधण ठेवण्याचें काम आतां आमच्याकडे आहे.

राहावयास मुंबई चांगली कीं पुणें, याचा निर्णय आम्हांस अद्याप देतां येत नाहीं. मात्र असा कागद मांडावयास बसणाऱ्या वाचकांस एवढें सुचवावेंसें वाटतें कीं, रेघ ओढण्यापूर्वीं घरांतील सर्वांस बोलवावें. आमचा तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. त्यांतील बेरीज बरोबर आहे, चूक मांडणींत होती.