हिवरखेडच्या आजी-माजी कारभाऱ्यांना

हिवरखेडच्या माजी सरपंच, पंचायत सदस्य आणि नव्या नगरसेवकांनो,

तुमच्यापैकी कोणीतरी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पोरांसमोर बोललं पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र. सत्काराला बोलावत नाही. शाल-श्रीफळ घेऊन, तरुणांना चार उपदेश करून परतणारे पाहुणे विद्यापीठाला कमी नाहीत.

राज्यशास्त्राची पोरं 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि 1965 चा नगरपरिषद कायदा दोन वेगळ्या प्रकरणांत पाठ करतात. तुमच्या गावाने दोन्ही अंगावर घेतले. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, 2025 च्या अखेरीस तिची पहिली निवडणूकही झाली. मुख्याधिकारी आला, निधी वाढेल, हे कोणीही सांगेल. गेलं काय, ते तुम्ही सांगा. ग्रामसभा गेली.

ग्रामसभेचे गोडवे मी गात नाही. बहुतेक गावांत 26 जानेवारीला सभा लागते, शंभर माणसांचाही कोरम भरत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, मग पुढच्या खेपेला दहा-पंधरा डोक्यांत ठराव मंजूर! हेही पोरांना सांगा, लपवू नका. पण त्याच सभेत एखादी म्हातारी उठून सरपंचाला तोंडावर विचारू शकायची, ‘आमच्या गल्लीत नळ काऊन येत नाही?’ नगरपरिषदेच्या सभेत बोलायचा हक्क नगरसेवकाचा. म्हातारीने प्रेक्षकांत बसून ऐकायचं. हा फरक वर्गात कळत नाही.

पाण्याचंच घ्या. वान धरण तुमच्याच तेल्हारा तालुक्यात, आणि त्याचं पाणी 84 खेडी योजनेतून खारपाणपट्ट्यातल्या गावांना जातं. नकाशावर हे सोपं दिसतं. पाणीपट्टी थकली की विजेचं बिल थकतं, बिल थकलं की पंप बंद. आणि वसुलीला ज्या दारात जायचं, त्याच दारात पुढच्या निवडणुकीत मत मागायचं असतं. तिथे तुम्ही काय केलंत? नळ तोडलात, की पुढच्या महिन्यावर ढकललंत? खरं उत्तर द्या, ढकललं असेल तरी.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणला आहे. पुष्कळ पोरं तो झेरॉक्सच्या दुकानात उरकतात. येताना भाषण नको, जुनं इतिवृत्त आणि थकबाकीची यादी आणा. नावं झाका, आकडे दाखवा. मग त्याच पोरांना आठवडाभर हिवरखेडच्या वॉर्डांत फिरवा.

आणखी एक. 2011 पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत. माजी महिला सरपंचांनी आणि आताच्या नगरसेविकांनी स्वतः यावं, स्वतः बोलावं. मालकांना घरी ठेवा.