रअशा : शब्द एक, आजार अनेक

आमच्या सेनगावच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या माणसाचे हात कापू लागले, चाल मंदावली, चेहरा थिजला की त्याला एकच शब्द लावतात : रअशा. शेजारच्या गल्लीत कंपवात म्हणतात. शब्द निराळे, समजूत एकच : हे बुढाप्याचे देणे. कुणाला त्यात करणी दिसते, कुणाला हवेचा फेरा. मग तावीज येतो, दर्ग्यावर जुम्मेरातच्या फेऱ्या सुरू होतात. श्रद्धेला आमचा विरोध नाही. दुआ माणसाला बळ देते. पण आजार कोणता, हे कळायला दुसरी वाट धरावी लागते.

आमच्या अब्बांचे दुखणे या एका शब्दात मावत नव्हते. त्यांचे हात फारसे कापत नसत. पण ते पुन्हापुन्हा पाठीवर पडत. ताटातली भाकर त्यांना दिसेना, पायरी दिसेना. नमाजात नजर सजद्याच्या जागेवर ठेवावी, हे त्यांनीच आम्हा भावंडांना लहानपणी शिकवले होते. आता त्यांचीच नजर खाली वळत नव्हती. रस्त्यात कुणी सलाम केला तर ते नुसते टक लावून पाहत राहत. "बडे मियाँ मगरूर हो गए," अशी कुजबुज आमच्या कानावर येई. चष्मा दोनदा बदलला. पार्किन्सनच्या गोळ्यांचाही गुण आला नाही. शेवटी नांदेडला मेंदूचा एमआरआय काढला.

डॉक्टरांनी मेंदूचा बाजूने घेतलेला फोटो आम्हाला दाखवला. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारे जे देठ असते, त्याचा वरचा भाग, म्हणजे मध्यमेंदू, वाळून बारीक झाला होता. खालचा भाग मात्र भरलेला होता. त्यामुळे आकृती लांब चोचीच्या हमिंगबर्ड पक्ष्यासारखी दिसते. ही खूण प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सीची, थोडक्यात पीएसपीची. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. नजर वर-खाली फिरवणारी यंत्रणा मध्यमेंदूतच असते. अब्बांची नजर कुठे अडली, ते आम्हाला त्या फोटोत दिसले.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते आम्ही वाचत गेलो. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये कापऱ्या लकव्यावर निबंध लिहिला, तेव्हा रोग्याला बाहेरून न्याहाळण्यापलीकडे त्याच्यापाशी साधन नव्हते. आज कळते की वरून सारखी दिसणारी ही दुखणी आतून निराळी आहेत. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, तरी साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही, असे घरच्यांनी समजू नये. मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी हा तिसरा प्रकार. त्यात उभे राहताच रक्तदाब कोसळतो, लघवीवरचा ताबा जातो.

मोठ्या शहरांत ट्रोडॅट नावाचा स्कॅन होतो. शिरेतून किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेले द्रव्य देतात. ते डोपामिनच्या पेशींच्या टोकांना चिकटते. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम उजळलेले दिसतात. पेशी मेल्या की शेपटी विझते आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. या स्कॅनने पार्किन्सन आणि पीएसपी यांतला फरक नीट कळत नाही, कारण पेशी दोन्हींत मरतात. मात्र कंप औषधांमुळे आला असेल तर तो बहुधा नॉर्मल राहतो.

हा मुद्दा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांना फार मोलाचा आहे. चकरेवर दिली जाणारी सिनारिझीन, फ्लुनारिझीन ही औषधे म्हातारपणी दीर्घकाळ घेतली तर पार्किन्सनसारखी लक्षणे उमटू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की बहुतेकदा काही महिन्यांत लक्षणे ओसरतात. हे ओळखायला दर वेळी महागडा स्कॅन लागत नाही. घरातल्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली तरी पुष्कळ कळते.

निदानाचा घोळ केवळ गरिबांच्याच वाट्याला येतो असे नाही. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे निदान १९८४ मध्ये झाले. हे सारे ठोशांमुळेच झाले, असे त्यांच्या २०१६ मधल्या इंतकालानंतरही लोक म्हणत राहिले. त्यांच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये लिहिले की लक्षणे, औषधाचा गुण आणि मेंदूचे स्कॅन पाहता तो पार्किन्सनच होता.

पीएसपी बरा करणारे औषध आजही नाही. मग फोटो काढून काय मिळवले, असे नातेवाईक विचारतात. आम्ही सांगतो : अब्बांचे ताट आता उंच स्टुलावर ठेवतो, म्हणजे भाकर त्यांच्या नजरेसमोर येते. न्हाणीत धरायला दांडी बसवली. पाणी घशात अडकू नये म्हणून घोटाघोटाने पाजतो. ते खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढतात; शरियतने ही सवलत दिलेलीच आहे. उताऱ्यांवरचा खर्च थांबला. आणि मोहल्ल्यातली माणसे आता थेट त्यांच्या नजरेसमोर येऊन सलाम करतात, जवाबासाठी थोडे थांबतात. जवाब येतो. जरा उशिरा येतो, इतकेच.