दोन जीबीचा संसार

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एसपी रोडवर एका दुकानाच्या पायरीवर बसून पेनड्राइव्हचा भाव करत होतो. "स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स घालावं, एवढंच लिहा. वाचकांना झेपेल असं," ते म्हणाले. बेंगळुरूत सर्व्हर सांभाळत माझे केस पांढरे झाले, पण या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही. लोकांना डोकेदुखीच्या गोळीसारखं एक नाव हवं असतं.

त्यातून गेल्या हिवाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यात आहे. माझी मावसबहीण विजयनगरला राहते. तिची मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांनी याच एसपी रोडवरून तिला साडेसहा हजारांत जुना लॅपटॉप आणून दिला होता: दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी साठवण, दोन्ही बोर्डालाच चिकटवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. विंडोज १० दर काही दिवसांनी 'जागा नाही' म्हणून अडून बसे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभालही थांबवली. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा लागते. "मामा, भंगारात देऊ का?" भाचीने विचारलं. असं कोणी विचारलं की माझ्या अंगात येतं.

पहिली अडचण अशी की एकही पेनड्राइव्ह चालू होईना. २०१४-१५ च्या सुमारास इंटेलच्या स्वस्त अ‍ॅटम चिपवर निघालेल्या बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण त्याला जागं करणारं यूईएफआय मात्र ३२ बिटचं. घर दुमजली आणि दार बुटकं, कपाट आत जाणार कसं? बहुतेक लिनक्सवाले फक्त मोठ्या दाराचं कपाट पाठवतात. डेबियन दोन्ही मापांची सोय ठेवतं. म्हणून डेबियन. तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता.

आता वाय-फाय. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, संपादकांनी कात्री लावली तर लावू दे. वाय-फायच्या चिपला चालायला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो कंपनीचा असतो आणि त्याचा सोर्स कोणी दाखवत नाही. डेबियनचे लोक सोवळ्यातले; वर्षानुवर्षं त्यांनी हा प्रोग्रॅम आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतला नाही. परिणाम काय? सगळं बसवून झालं तरी वाय-फाय नाही, आणि ते चालायला हवा असलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर! अखेर २०२२ साली त्यांनी मतदान घेऊन ही अट सैल केली आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. त्या निकालावर आमच्यातले काही जण अजून नाराज आहेत. मीही तेव्हा नाराज होतो.

हा वाद जुना आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. २५६ एमबी रॅम, एक जीबी साठवण, आत फेडोरावर उभारलेली 'शुगर' नावाची लहान मुलांसाठीची मांडणी. जवळजवळ सगळं मोकळं. पण वाय-फायच्या मार्वेल चिपचं फर्मवेअर बंद होतं. त्यावरून ओपनबीएसडी या मोकळ्या प्रणालीच्या थिओ डी राटने प्रकल्पाला आधीच झोडपलं होतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन काही काळ हे यंत्र वापरत होते, तेही पुढे दुसऱ्याकडे वळले. स्टॉलमन तत्त्वाला धरून होते, ते मला पटतंही. पण दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेल्या घरी ते तत्त्व वाय-फाय बंद पाडून पाळायचं, हे आता पटत नाही. इतकी वर्षं लागली पटायला.

या वेडाची लागण मला कुठून झाली तेही सांगतो. १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने लिनक्सची सीडी वाटली. त्यामागे होते अतुल चिटणीस, आमच्या बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. २००१ पासून त्यांनी इथे 'लिनक्स बँगलोर' भरवलं, पुढे त्याचंच फॉस डॉट इन झालं. त्याच सुमारास टाटा इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या) प्राध्यापकांचा सिम्प्युटर गाजत होता, लिनक्सवर चालणारा, हातात मावणारा, गरिबांचा संगणक म्हणून. तो काही चालला नाही. पण त्या दिवसांत या गावात प्रत्येकाला वाटायचं, की लिनक्स घराघरात पोचायला आता फक्त दोन वर्षं.

असो. भाचीच्या यंत्रावर डेबियन आणि एलएक्सक्यूटी नावाची हलकी मांडणी बसवली. यूट्यूबवर 'दहा सर्वांत हलकी लिनक्स' छाप व्हिडिओंचा सुकाळ आहे आणि त्यांनी माझा छळ मांडलाय. एक मांडणी चारशे एमबी खाते, दुसरी सहाशे, त्यावरून हाणामाऱ्या. अहो, ब्राउझर उघडून बँक, कॉलेज आणि एक व्हिडिओ लावा, एक-दीड जीबी तिथेच संपली! एक्सओची अख्खी रॅम आज एखादं जड वेबपान एकटं गिळतं. जड झालंय ते वेब. त्यावर माझा उपाय झेडरॅम: रॅमचाच एक कोपरा, ज्यात न लागणारा माल दाबून ठेवतात, ट्रंकेत स्वेटर कोंबतात तसा. प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण हळू चालणाऱ्या साठवणीवरच्या खेपा वाचतात.

शेवटी मराठी. मी नेहमी दोन शब्द टंकून बघतो: 'दर्या' आणि 'दऱ्या'. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये दुसऱ्यासाठी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. फॉन्ट धड नसला तर समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एकच होऊन बसतात. रेड हॅटने मोकळा केलेला लोहित फॉन्ट टाकला, दोन्ही शब्द नीट उमटले. मेहुणे बघत होते. त्यांनी लगेच बेळगावच्या भावाला मराठीत ईमेल लिहिला. मी चहा पिऊन, कॉलर ताठ करून घरी आलो.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी पावणेदहाला भाचीचा फोन. दहा वाजता हिशेबाच्या कोर्सची ऑनलाइन परीक्षा. कॅमेऱ्यातून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकवर चालणारं. "मामा, काहीतरी करा ना." फोनवरून मला काहीही करता आलं नाही. ती मैत्रिणीच्या घरी पळाली, पंचवीस मिनिटं उशिरा बसली. पास झाली, पण मनासारखे गुण पडले नाहीत. मला कोणी शब्दाने बोललं नाही. बहिणीने तर डबा पाठवला.

परीक्षा घेणाऱ्यांवर मला बोट दाखवता येईल. त्यांनी पोरांच्या हातात काय यंत्र आहे याचा विचार करायला हवाच. पण मी यंत्राचा प्रोसेसर विचारला, यूईएफआय तपासलं, 'दऱ्या' टंकून पाहिल्या. तुला यावर काय काय करायचंय, हे मात्र भाचीला विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या दोन जीबीत विंडोज धड चाललं नसतंच. पण निदान परीक्षेसाठी दुसरं यंत्र आधी शोधून ठेवलं असतं.

तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे याल तर सोबत एक कागद आणा. वर्षभरात त्यावर करायची सगळी कामं लिहा: परीक्षा, बँक, प्रिंटर, डिजिटल सही, सगळं. लिनक्सचं नाव मी नंतर सांगेन. भाचीची पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. ऑफिसातून विंडोजचा एक जुना लॅपटॉप त्या दिवसापुरता मागून ठेवलाय.