कोकणातले मुंबईचे मनोराज्य

कोकणातल्या मुलाच्या मनात मुंबई प्रथम शिरे ती ट्रंकेतून. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईत कामाला असलेला चाकरमानी घरी येई आणि पत्र्याची ट्रंक ओटीवर उघडली जाई. वासाचा साबण, पावडरचा डबा, माहीमचा हलवा, मुलांना तयार कपडे, पुढच्या काळात एखादा ट्रान्झिस्टर. हे सारे जिथून येते ते शहर मुलाने पाहिलेले नसे. मग गुरे राखताना, काजूच्या बिया भाजताना, पावसात इरले पांघरून बांधावर बसलेले असताना तो ते मनात रचू लागे. 1964 पर्यंत त्या रचनेत ट्राम असे. ती बंद झाल्यावर दुमजली बस आणि लोकल उरली. राणीचा बाग आणि चौपाटी मात्र कुठल्याच पिढीने वगळली नाही.

या मनोराज्यात एक जागा कायम रिकामी राहत असे, ती म्हणजे राहण्याची खोली. चाकरमानी गिरणीचे सांगे, समुद्राचे सांगे, नाटकांचे सांगे, पण रात्री आपण कुठे आणि कसे झोपतो हे सहसा सांगत नसे. आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत घरच्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही, ही त्यामागची भावना. त्या न बोलण्यात मोठी माया होती, आणि मुलाचे स्वप्न पोसले गेले तेही त्याच न बोलण्यावर.

स्वप्नाच्या मुळाशी गरज होती. जांभ्या दगडाच्या उतारांवर पाऊस धो धो पडतो आणि वाहून जातो. भाताचे एक पीक, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, एवढ्यावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे. त्यातून बऱ्याच गावांत खोताचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा आधी द्यावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा मात्र 1949 मध्ये झाला. दरम्यान मुंबईत गिरण्या वाढत होत्या. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी स्थापलेली गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागाचे गिरणगाव झाले. लागवडीला माणसे हवीत आणि एरवी घरात खाणारी तोंडे जास्त, अशा घरांतला एक तरी मुलगा मुंबईला जाणार हे आधीच ठरलेले असे. म्हणून मुंबईचे मनोराज्य ही एकट्या मुलाची हौस कधीच नव्हती. त्याच्या आधी ते घराने पाहिलेले असे.

मॅट्रिकला नापास होणे, बापाचे आजारपण, बहिणीचे लग्न, असे काहीतरी निमित्त होई आणि भावकीतला कोणीतरी मुलाला मुंबईत ‘कामाला लावण्याचे’ कबूल करी. रस्ते धड नव्हते तेव्हा वाट समुद्राची होती. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशा बंदरांवरून आगबोट भाऊच्या धक्क्याला लागे. कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट आत येत नसे. माणसे होडीतून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद, मुंबईजवळच्या फेऱ्या तेवढ्या चालत. या वाटेचे भय प्रत्येक घराला ठाऊक होते. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तरीही मुले निघत राहिली, कारण मागे राहण्यात मिळकत नव्हती.

मुंबईत पोचल्यावर रिकाम्या जागी खरी खोली येई. गावकीची खोली ही गिरणगावातली एक विलक्षण संस्था होती. एका गावचे वीस-वीस, कधी त्याहून अधिक पुरुष मिळून ती भाड्याने घेत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची आणि फुटपाथही झोपायला कमी पडत. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या सुमारे 160 चौरस फुटांच्या होत्या आणि त्यांत आख्खी कुटुंबे, वर गावचे पाहुणे, राहत. जेवण खानावळीत. नवा मुलगा ‘बदली’ म्हणून रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाचे काम आणि मजुरी मिळे.

याच खोलीत मनोराज्याची दिशा उलटली. शहरात येण्याचे स्वप्न पुरे झालेला माणूस आता गावी परतण्याचे स्वप्न पाहू लागला: चिऱ्याचे घर, परड्यात दोन-चार हापूसची कलमे, ग्रॅच्युइटीच्या पैशात विहीर. हे दुसरे स्वप्न पहिल्याइतकेच तपशीलवार होते आणि कितीतरी अधिक काळ टिकले. गावकीच्या खोलीत वर्गणी जमे ती देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आणि शाळेच्या छपरासाठी. शनिवारी रात्री भजन बसे, शक्ती-तुऱ्याचे सामने होत, परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके लागत. गिरणगावाच्या संस्कृतीचा मोठा भाग गावाकडे लागलेल्या या ओढीतून उभा राहिला. पहिल्या स्वप्नाने मुंबईला मजूर दिले, दुसऱ्याने तिला मराठी लोककलेचे शहर केले. या दुसऱ्याचे मोल अजून पुरेसे मांडले गेलेले नाही.

मनोराज्याचा तिसरा धागा गावात राहिलेल्या बाईचा आहे. तो सर्वांत कमी नोंदला गेला, म्हणून त्याच्यापाशी थांबणे भाग आहे. कोकणातल्या मुलीलाही मुंबई दिसे, पण लग्नाच्या वाटेने. मुंबईचा नवरा मिळाला की ती मुंबईला जाईल असे माहेरच्यांना आणि तिलाही वाटे. प्रत्यक्षात लग्नानंतर नवरा परत जाई आणि ती सासरच्या गावी सासू-सासऱ्यांपाशी राही. वीस पुरुषांच्या खोलीत तिला नेणार कुठे? ती मागे राहिली म्हणून शेत पडीक पडले नाही. नांगराला माणूस मिळवणे, लावणी, कापणी, गुरे, म्हाताऱ्यांची आजारपणे, मुलांची शाळा, गावकीतले मानपान, सारे तिच्या अंगावर. गिरणीमालकाला कामगाराच्या कुटुंबाला पोसेल एवढा पगार द्यावा लागला नाही, याचे एक कारण तिचे हे बिनपगारी श्रम होते. तिच्या कष्टांनी मुंबई स्वस्तात चालली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दोघांमधला दुवा म्हणजे मनीऑर्डर. भारतात ही सेवा 1880 मध्ये सुरू झाली, आणि कोकणातल्या घराला महिन्याची तारीख पोस्टमनच्या येण्यावरून कळू लागली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन-चार ओळींचा मजकूर लिहिता येई: पैसे कशाला खर्चावे, म्हशीचे काय झाले, आईची तब्येत कशी आहे. तो मजकूर बऱ्याचदा पोस्टमन किंवा शाळकरी मुलगा वाचून दाखवी आणि बाई अंगठा उठवी. परक्याच्या तोंडून ऐकायच्या मजकुरात नवराबायकोतले काही लिहिता येत नसे. ‘पुढच्या वर्षी खोली बघतो’ एवढे वाक्य आले तरी तिचे वर्ष त्यावर जाई. हा विरह कोकणापुरता नव्हता. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावाहून मुंबईला आलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कामगारांनी ती आपली म्हणून डोक्यावर घेतली. शहरात पोचलेल्या काही बायकांनी खोलीत चूल मांडून एकट्या कामगारांना जेवू घातले. अशा खानावळवाल्यांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभी केली.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेकजण गावी परतले, पण ठरवलेल्या वेळी आणि ठरवलेल्या ऐपतीने नव्हे. घर बांधायला पैसा नव्हता आणि शेतीची सवय सुटली होती. जी बाई इतकी वर्षे एकटीने घर चालवत होती, तिने आता त्यालाही सांभाळले.

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. जवळ आलेल्या शहराचे मनोराज्य आपोआप आखडते. आजचा मुलगा खोली मोबाइलवर आधीच पाहतो, भाडे विचारतो, नालासोपारा की डोंबिवली याचा हिशेब घरीच करतो. खरा मोठा बदल आहे तो मुलींच्या बाबतीत. त्या परिचारिका म्हणून, संगणकाच्या नोकरीसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी मुंबईला आणि पुण्याला स्वतःच्या बळावर जातात. घराने मुलासाठी पाहिलेले स्वप्न मुलीने स्वतःसाठी पाहावे, हे या इतिहासातले सर्वांत आनंदाचे वळण आहे.

मागे राहणे मात्र थांबलेले नाही. 2011च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 832 स्त्रिया होत्या, रत्नागिरीत 1122. ज्यांच्या घरी अशी मागे राहिलेली आजी किंवा आई अजून आहे, त्यांनी तिच्याजवळ बसून तिची मुंबई कशी होती ते विचारावे आणि लिहून ठेवावे. माळ्यावर मनीऑर्डरींच्या पावत्या असतील तर त्याही टाकून देऊ नयेत.